‘तुमच्या लेकीवर आलं असतं तर?’ : फाशीच्या वादात धर्म आणि भावना काय काम करतात

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात मध्यंतरी वादविवाद स्पर्धा होती. मी परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता ‘फाशीची शिक्षा असावी की नसावी’. बारावीतली एक मुलगी बाजूने बोलायला उभी राहिली. तिने तुकोबांपासून सुरुवात केली : ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणीक निर्दळण कंटकांचें’. मग हातातला कागद खाली ठेवला, पुढच्या रांगेतल्या बायकांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुमच्या लेकीवर आलं असतं तर?” एका मावशींनी पदर डोळ्याला लावला. टाळ्या थांबेनात.

तिच्यानंतरचा मुलगा विरोधात होता. त्याने पसायदान काढलं. ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मीं रती वाढो.’ माउलींनी खळ मरो असं मागितलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागितलं, हे त्याने छान उलगडून सांगितलं. आणि शेवटी त्यानेही एक आई उभी केली : फाशी झालेल्या मुलाची, तुरुंगाच्या दाराशी त्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसलेली. पुन्हा पदर, पुन्हा टाळ्या.

माझ्यासमोरच्या कागदावर तीन रकाने होते : मुद्दे, मांडणी, प्रभाव. प्रभावाचे दहापैकी नऊ मी दोघांनाही लगेच दिले. मुद्द्यांपाशी पेन अडलं. एकाच वारकरी परंपरेतले दोन संत झाले, दोन आया झाल्या, पण फाशी असावी की नसावी याबद्दल मला आधीपेक्षा नेमकं काय जास्त कळलं? तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःशी सोडवतोय, आणि जे हाती लागलं ते इथे साध्या शब्दांत मांडतोय.

आपल्या भागात हा विषय पुस्तकातला नाही. वेंगुर्ले रस्त्याने बेळगावबाहेर पडलं की हिंडलगा लागतं, आणि तिथल्या मध्यवर्ती कारागृहात फाशीचा खांब आहे. १९८३ नंतर तिथे कुणाला फाशी झालेली नाही. पण २०१३ च्या फेब्रुवारीत वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले, तेव्हा हे चौघे याच तुरुंगात होते. १९९३ च्या भूसुरुंग स्फोटात बावीस माणसं गेली, त्या खटल्यातले हे आरोपी. ‘उद्या पहाटे’, ‘परवा पहाटे’ अशी कुजबुज चहाच्या टपरीवर चालली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि २१ जानेवारी २०१४ ला, दयेच्या अर्जांवर अवाजवी वेळ लावला म्हणून, त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली.

आधी फाशीचा रस्ता कसा असतो ते पाहू. जिल्ह्याचं सत्र न्यायालय फाशी सुनावतं, पण तेवढ्याने ती देता येत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम करावीच लागते. आपल्याकडचं प्रकरण त्यासाठी धारवाड खंडपीठापुढे जातं. मग सर्वोच्च न्यायालय. त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. खटल्याचेही दोन भाग असतात. पहिल्यात गुन्हा या माणसानेच केला का, एवढंच ठरतं. दोषी ठरल्यावर शिक्षा किती, यावर वेगळी सुनावणी होते. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी घटनाबाह्य नाही असं ठरवलं, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी असं बंधन घातलं. जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद.

म्हणजे ‘फाशी हवी का’ या एका वाक्यात खरं तर चार प्रश्न कोंबलेले असतात. यानेच केलं का? केलं असेल तर मरण हीच त्याची योग्य शिक्षा का? फाशी दिल्याने पुढचे गुन्हे कमी होतील का? आणि आपली पोलीस ठाणी, आपली न्यायालयं यांच्या हातात ही दोरी निर्धास्तपणे देता येईल का? धर्माचं वचन किंवा डोळ्यांतलं पाणी समोर आलं की मी आता विचारतो : हे या चारांतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? ही चाळणी लावली की पुष्कळसा गोंधळ निवळतो.

धर्म मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कुठल्याही धर्माकडे या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हे जुन्या करारातलं वचन सगळ्यांना पाठ असतं. येशूने त्याच वचनाचा उल्लेख करून उलट सांगितलं, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे. खानापूर तालुक्यात कॅथलिक वस्ती बरीच आहे. त्यांच्या चर्चने शतकानुशतकं फाशी मान्य केली होती, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात बदल करून ती अस्वीकार्य ठरवली. कुराणात किसास, म्हणजे समान बदल्याचा हक्क आहे, पण त्याच आयतीत मृताच्या वारसाने क्षमा करून भरपाई घेण्याची वाट ठेवली आहे. चिकोडी-निपाणीकडचे आपले जैन बांधव अहिंसेला परमधर्म मानतात, तरी गृहस्थासाठी ‘विरोधी हिंसा’, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी नाइलाजाने केलेली हिंसा, त्यांच्याच शास्त्राने वेगळी काढली आहे. आणि बसवण्णांचं ‘दयवे धर्मद मूलवय्या’, म्हणजे दया हेच धर्माचं मूळ, हे वचन कन्नड शाळेत न गेलेल्या मराठी पोरांनाही इथे ऐकून माहीत असतं. त्यांच्याच ‘कळबेड, कोलबेड’ मधला ‘मारू नको’ हा आदेश राजालाही लागू होतो का, यावर मी माझ्या एका लिंगायत मित्राशी दोन तास बोललो आहे. आमचं एकमत झालं नाही.

मला सगळ्यांत जास्त भिडतो तो महाभारतातला, शांतिपर्वातला संवाद. वटपौर्णिमेला ज्याचं नाव घेतलं जातं तोच सत्यवान, आणि त्याचा बाप द्युमत्सेन. राजाज्ञेने काही अपराध्यांना वधासाठी नेत असतात. सत्यवान बापाला म्हणतो, हा वध म्हणजे धर्म असूच शकत नाही. एका दरोडेखोराला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, मुलं यांनाही तुम्ही मारता. वाईट माणूससुद्धा कधी कधी सज्जनाकडून शील शिकतो, आणि वाईटाच्या पोटी चांगली लेकरं येतात. द्युमत्सेन काही दुष्ट नाही. तो राज्य चालवणाऱ्याची अडचण सांगतो : पूर्वी नुसता धिक्कार पुरत असे, मग कठोर शब्द लागू लागले, मग दंड, आणि आता वधाशिवाय लोक आवरत नाहीत, दरोडेखोर मोकळे सोडले तर धर्म-अधर्म असा फरकच उरणार नाही. आज दूरदर्शनच्या चर्चेत जे दोन पक्ष बसतात, त्यांचं सगळं बोलणं इथे आलेलं आहे. आणि व्यासांनी दोघांनाही पुरेसं बोलू दिलंय.

म्हणून ‘आमचा धर्म फाशी मागतो’ किंवा ‘आमचा धर्म फाशी नाकारतो’ असं कुणी ठासून सांगितलं की मी थोडा सावध होतो. ग्रंथातली एक ओळ उचलली आणि तिच्या शेजारची सोडली, असं बहुतेक वेळा झालेलं असतं. तुकोबांचंच घ्या. ‘निर्दळण कंटकांचें’ हे त्यांचं आहे, यात शंका नाही. पण ‘कंटक’ कोण हे कसं ठरवायचं, म्हणजे आपला पहिला प्रश्न, त्याचं उत्तर अभंगात नाही, आणि ते तिथे शोधणंही बरोबर नाही. ते पंचनाम्यात, साक्षीत, उलटतपासणीत शोधायचं.

याच कारणाने न्यायालयं निकालाच्या खोलीत ग्रंथ येऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एका खुनाच्या खटल्यात ज्युरीतल्या काहींनी बायबलमधली वचनं टिपून चर्चेत आणली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाची फाशी रद्द केली. कारण सरळ होतं : खटल्यात पुरावा म्हणून न आलेल्या, बाहेरच्या मजकुराच्या आधाराने कुणाचा जीव घेता येणार नाही.

मग धर्माने गप्प बसायचं का? मला तसं अजिबात वाटत नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच रद्द करणं योग्य ठरेल असं सांगितलं, आणि त्यांचा आधार नैतिक होता : या देशातले लोक आचरणात कमी पडत असतील, पण अहिंसा हा नैतिक आदेश म्हणून ते मानतात. नियमांच्या बारकाव्यांबद्दल एवढा काटेकोर असणारा माणूस इथे समाजाच्या श्रद्धेकडे बोट दाखवतो. पण ते कुठे दाखवतो ते पाहा. एखाद्या आरोपीच्या खटल्यात नव्हे, तर देशाचा कायदा घडत असताना. आपण कसला समाज व्हायचं ठरवतोय, हे बोलण्याची ती जागा होती. बेळगावकरांना याच्याशी जोडलेली आणखी एक आठवण आहे. १९२४ साली टिळकवाडीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, आणि तेही फाशीच्या विरोधातच होते. पुढे त्यांच्याच मारेकऱ्याला फाशी झाली, तेव्हा मणिलाल आणि रामदास या त्यांच्या मुलांनी ती देऊ नये अशी विनंती केली होती. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात फाशी झाली.

ही क्षमा गांधींच्या मुलांनी स्वतःहून मागितली होती. तिथे कुणी त्यांच्यावर दडपण आणलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण धर्माच्या नावाने केली जाणारी एक मागणी मला क्रूर वाटते : ‘तुम्ही मोठ्या मनाच्या, तुम्ही माफ करा’. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणात, फाशीची तारीख जवळ आली असताना, एका नामवंत वकिलाने मुलीच्या आईला जाहीरपणे क्षमेची विनंती केली. आई संतापली. ती संतापली ते बरोबरच होतं असं मी म्हणतो, आणि माझं मत फाशीच्या विरोधात झुकतं हे सांगूनही म्हणतो. क्षमा हे ज्याचं गेलं त्याच्या हातचं दान आहे. ते बाहेरच्या कुणी मागायचं नसतं.

आता भावनेकडे. भावना म्हणजे खोटं बोलणं, असं शिकवणारे शिक्षक मी पाहिलेत. तो अन्याय आहे. संताप ही एक माहिती असते. काहीतरी भयंकर झालंय, एका जिवाची किंमत कुणीतरी शून्य धरली, हे आपल्याला आधी छातीतून कळतं आणि मग डोक्यातून. नव्वदच्या दशकात कोल्हापूरकडून मुलं पळवणाऱ्या गावित मायलेकींच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या घरात बाजाराला जाताना ‘पोराचा हात सोडू नको’ हे वाक्य दाराशीच ऐकू यायचं. ती भीती खरी होती. दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पण सरकारने दयेच्या अर्जांवर जवळजवळ आठ वर्षं घालवली, म्हणून २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्या दिवशी किती जणांनी मला फोन करून ‘हा कसला न्याय’ म्हणून विचारलं!

त्यांना मी जे सांगितलं, ते सीमाभागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. १७ जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही घसा दाटून येतो. ती भावना नसती तर सीमाप्रश्न केव्हाच कपाटात गेला असता. पण महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा लावला, तो कशावर उभा आहे? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. तिथे जनगणनेचे तक्ते लागतात, गावांच्या याद्या लागतात. आपल्या घोषणा कितीही खऱ्या असोत, त्या पुरावा म्हणून नोंदवल्या जात नाहीत, आणि हे आपण कधी मनाला लावून घेतलेलं नाही. एखाद्या आरोपीचा जीव पणाला असताना मात्र घोषणेलाच पुरावा मानावं, असं आपण म्हणू लागतो.

न्यायालयंही यात घसरली आहेत. बच्चनसिंग निकालाने बजावलं होतं की न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये. तीनच वर्षांनी, १९८३ च्या मच्छीसिंग निकालात, समाजाच्या ‘सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला’ इतका धक्का बसला की ती फाशीचीच अपेक्षा करते, असा निकष आला. पुढे हे शब्द अनेक निकालांत दिसू लागले. ऐकायला भारदस्त आहेत, पण ते मोजायचे कसे? मोर्च्यात किती माणसं आली यावर? गरिबाच्या पोरीसाठी गावच्या वेशीपर्यंतसुद्धा मोर्चा निघत नाही, म्हणून तिथे धक्का कमी बसला असं धरायचं? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने लोकमताच्या या वापरावर नापसंती नोंदवली.

आणि घाईत दोरी चुकीच्या गळ्यात पडते, हे नुसतं घाबरवणं नाही. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर हल्ला झाला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. गुन्हा इतका अमानुष होता की कुणाला शंका यायला जागाच उरली नसावी. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच माणसं ओळखली होती, आणि तो धागा पुढे नेलाच गेला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्या, असा आदेश झाला. त्या कुटुंबाचं दुःख पहिल्या दिवशी जितकं खरं होतं तितकंच शेवटच्या दिवशीही होतं. अश्रू दुःखाची साक्ष देतात. गुन्हेगार कोण याची साक्ष ते देऊ शकत नाहीत, आणि ती त्यांच्याकडून काढून घेणं हा अश्रूंवरही अन्याय आहे.

तिसऱ्या प्रश्नावर फार थांबत नाही. फाशीने जन्मठेपेपेक्षा जास्त धाक बसतो असं सिद्ध झालेलं नाही, हे न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात नोंदवलं आणि दहशतवादाचे गुन्हे व देशाविरुद्धचं युद्ध वगळता फाशी रद्द करा अशी शिफारस केली. चौथ्याबद्दल एवढंच : दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले.

भावनेला, श्रद्धेला कायद्याने हक्काची जागा दिलेली आहे, ती दयेच्या अर्जात. संविधानाचं कलम ७२ राष्ट्रपतींना आणि कलम १६१ राज्यपालांना तो अधिकार देतं. तिथे आईने पदर पसरावा, धर्मगुरूने वचन सांगावं, मृताच्या नातेवाइकांनीही आपला आक्रोश मांडावा. शिक्षेच्या सुनावणीतही आरोपीचं बालपण, आजार, सुधारण्याची शक्यता हे सगळं यायला हवं. २०२२ च्या मनोज निकालाने तर ही माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा करायला सांगितलं.

खानापूर तालुक्यातल्या नंदगडला वडाखाली गेलात तर हे सगळं वेगळ्या तऱ्हेने जाणवतं. २६ जानेवारी १८३१ ला कंपनी सरकारने कित्तूरच्या लढ्यातल्या संगोळ्ळी रायण्णांना तिथे फाशी दिली. सरकारी कागदात तो बंडखोर, गुन्हेगार. लोकांनी त्या झाडाला देव केलं; फांद्यांना नवसाचे लहान पाळणे बांधलेले दिसतात. मरण दिलेल्या जागी लोक जन्म मागतात, हे पाहून गलबलतं. पण रायण्णांच्या उदाहरणावरून ‘सगळीच फाशी अन्यायाची’ असं कुणी सिद्ध करू पाहिलं, तर मी त्यालाही थांबवतो. त्यातून एवढंच कळतं की राज्य कुणाला गुन्हेगार म्हणतं ते प्रत्येक वेळी अंतिम नसतं. चौथ्या प्रश्नासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

आपल्या हिंडलग्याचीच आणखी एक गोष्ट, जी भावनेच्या भरात कुणी बोलत नाही. बंगळुरूतल्या एका अत्यंत घृणास्पद बलात्कार-खुनातला कैदी २००६ पासून २०१६ पर्यंत दहा वर्षं तिथे एकांतकोठडीत होता. दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत फाशीच्या कैद्याला असं एकटं कोंडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलेलं. सरन्यायाधीश लळीत यांच्या पीठाने ४ नोव्हेंबर २०२२ ला त्याची फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षं कैद ठेवली. त्याच्याबद्दल मला कणव वाटत नाही, हे खरं सांगतो. पण दहा वर्षं आमच्या बसमार्गाला लागून हे चाललं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, हे मला अजून टोचतं.

स्पर्धेनंतर ती मुलगी माझ्याकडे आली. पहिला नंबर तिलाच दिला होता, पण मुद्द्यांच्या रकान्यात दहापैकी पाच. मी तिला चार प्रश्न सांगितले. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, “सर, तुमचं पटतंय खरं, त्या आईला काय सांगूचं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री घरी येऊन तिला फोन केला. सांगितलं की आपल्या कायद्यात २००९ पासून पीडितांसाठी भरपाईची योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, आरोपी सापडला नाही तरीही करता येतो, वकीलही तिथून मोफत मिळू शकतो. त्या आईला तारखेला कोर्टात जायला सोबत लागते, साक्षीच्या दिवशी मजुरी बुडते, जबाब वाचून दाखवणारं कुणीतरी लागतं.

दोन महिन्यांनी खानापूरकडच्या एका स्पर्धेत ती पुन्हा फाशीच्या बाजूनेच बोलली. तुकोबा होते. पुढच्या रांगेतल्या बायकांकडे तिने तसंच पाहिलं, आणि विचारलं, “विधी सेवेचं ऑफिस कुठं आहे ते इथं कुणाकुणाला ठाऊक आहे?” तीन हात वर झाले. त्यातला एक गावच्या आशाताईंचा होता.